वाट पाहायची, पण सहा महिन्यांपर्यंतच

बाळाला न्हाऊ-माखू घालताना आजीच्या किंवा मालिशवाल्या बाईच्या लक्षात येतं, की एका बाजूची गोळी हाताला लागत नाही. मग घरात दोन मतं पडतात. 'अजून लहान आहे, मोठा झाला की आपोआप उतरेल,' हे एक. 'उगाच जिवाला घोर नको, लगेच ऑपरेशन करून टाका,' हे दुसरं. दोन्ही सल्ले काळजीपोटीच दिलेले असतात आणि दोन्हींत तथ्यही आहे. पण बाळाचं वय न विचारता दिलेला यांतला कोणताही सल्ला चुकू शकतो. वृषण खाली न उतरलेल्या मुलाच्या बाबतीत निर्णय ठरतो तो वयावर, आणि हे वय वर्षांत नव्हे, महिन्यांत मोजावं लागतं.

ही स्थिती दुर्मीळ नाही. पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या शंभर मुलग्यांपैकी साधारण एक ते चार जणांचं एक किंवा दोन्ही वृषण जन्मतः जागेवर नसतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलग्यांत हे प्रमाण शंभरात तीसपर्यंत जातं. वर्षाच्या वयाला मात्र ते शंभरात सुमारे एकावर आलेलं असतं. म्हणजे पुष्कळ मुलांची वृषणं आपोआप उतरतात, हे आजीचं म्हणणं खरंच आहे. ती कधी उतरतात, हा प्रश्न मात्र राहतो आणि सगळा निर्णय त्याच्या उत्तरावर उभा आहे.

पोटातून खाली येणारी वाट

वृषणं तयार होतात ती पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ. गर्भ सात-आठ आठवड्यांचा असताना त्यांची जडणघडण सुरू होते. तिथून त्यांचा खालचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात, साधारण पंधराव्या आठवड्यापर्यंत, ती पोटातल्या पोटात जांघेच्या आतल्या दारापाशी येतात. दुसरा टप्पा पंचविसाव्या ते पस्तिसाव्या आठवड्यांच्या दरम्यानचा. त्यात ती जांघेतल्या अरुंद बोगद्यातून बाहेर येऊन वृषणकोशात उतरतात. या प्रवासात वृषणाला खालच्या बाजूने जोडलेला एक तंतुमय पट्टा त्याला वाट दाखवतो. ब्रिटिश शल्यविशारद जॉन हंटर यांनी अठराव्या शतकातच त्याचं वर्णन करून त्याला सुकाणूचा अर्थ असलेलं लॅटिन नाव दिलं होतं. पहिल्या टप्प्यात वृषणातच तयार होणारं एक संप्रेरक काम करतं, दुसऱ्या टप्प्यात टेस्टोस्टेरॉन.

यातला दुसरा टप्पा अधिक वेळा अडखळतो. म्हणूनच न उतरलेल्या वृषणांपैकी बहुतेक, म्हणजे सुमारे ऐंशी टक्के, जांघेत किंवा वृषणकोशाच्या तोंडाशी हाताला लागतात. उरलेली हाताला लागत नाहीत. ती पोटात असतात, जांघेत खोलवर दडलेली असतात किंवा कधी कधी नसतातच. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांत प्रमाण जास्त का, हेही यावरून कळतं. त्यांचा प्रवास अर्ध्यावर असतानाच त्यांचा जन्म झालेला असतो.

जन्मानंतर निसर्ग आणखी एक संधी देतो. पहिल्या काही आठवड्यांत मुलग्याच्या मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीकडून संप्रेरकांचा जोर वाढतो आणि एक ते तीन महिन्यांच्या वयात टेस्टोस्टेरॉनची पातळी चांगलीच चढते. सहाव्या महिन्याच्या सुमारास ती ओसरते, ती थेट वयात येताना पुन्हा वाढते. उशिरा खाली येणारी वृषणं याच काळात येतात. सहा महिन्यांनंतर आपोआप उतरणारी फारच थोडी.

म्हणूनच पहिल्या सहा महिन्यांत वाट पाहणं हा हलगर्जीपणा नव्हे, तेच योग्य वैद्यकीय उत्तर आहे. आणि त्यानंतर 'अजून थोडं बघू' म्हणण्याला आधार उरत नाही. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचे सहा महिने मात्र अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजायचे. बाळ दोन महिने आधी आलं असेल, तर जन्मानंतर आठव्या महिन्यात त्याचे सहा महिने भरतात.

उशीर कुठे नडतो?

वृषणकोशातलं तापमान शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअसने कमी असतं. वृषणातल्या बीजपेशींना हा गारवा लागतो. जन्मतः त्या अपक्व अवस्थेत असतात. साधारण तीन ते नऊ महिन्यांच्या वयात त्यांचं रूपांतर पुढच्या प्रकारच्या पेशींत व्हायला लागतं आणि पुढे आयुष्यभर शुक्राणू तयार करणारा साठा याच पेशींतून उभा राहतो. वृषण उबेत अडकून पडलं असेल तर हे रूपांतर नीट होत नाही आणि वर्ष-दीड वर्षानंतर बीजपेशींची संख्या घटत जाते. मूल बाहेरून ठणठणीत असतं. काही दुखत नाही, वाढीत फरक नाही, लघवीला त्रास नाही. नुकसान होत असलं तरी त्याची कुठलीच खूण दिसत नाही, म्हणून पालकांना घाई करावीशी वाटत नाही.

या बाबतीतला एक महत्त्वाचा पुरावा स्वीडनमधून आला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी एका बाजूचं वृषण न उतरलेले १५५ मुलगे निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाची शस्त्रक्रिया नऊ महिन्यांच्या वयात झाली, दुसऱ्याची तीन वर्षांच्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं, की नवव्या महिन्यात खाली आणलेल्या वृषणाने पुढच्या काळात वाढीचा अनुशेष बराच भरून काढला. तीन वर्षं थांबलेल्या गटात तसं झालं नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या पेशींच्या नमुन्यांतही उशिराच्या गटात बीजपेशी कमी आढळल्या. वाट पाहण्याच्या दोन पद्धतींची समोरासमोर तुलना करणारे असे प्रयोग थोडेच आहेत, म्हणून या अभ्यासाचं वजन मोठं आहे.

पुढे मूल होण्याच्या शक्यतेबद्दल पालकांना सर्वांत जास्त धास्ती असते. अमेरिकेत पिट्सबर्गला पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांचा पाठपुरावा केला गेला. मूल हवं म्हणून प्रयत्न केलेल्यांपैकी एका बाजूचा दोष असलेले सुमारे नव्वद टक्के पुरुष बाप झाले होते. हा दोष कधीच नसलेल्या पुरुषांत हे प्रमाण त्र्याण्णव-चौऱ्याण्णव टक्के, म्हणजे जवळपास तेवढंच होतं. दोन्ही बाजूंचा दोष असलेल्यांत मात्र ते सुमारे पासष्ट टक्क्यांवर आलं. या पुरुषांच्या शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या, म्हणजे आजच्या मानाने बऱ्याच उशिरा झालेल्या होत्या, हे ध्यानात ठेवायला हवं. एका बाजूचा दोष असलेल्या मुलाच्या आईवडिलांनी हे आकडे वाचून निर्धास्त व्हावं. दोन्ही बाजूंचा असेल तर मात्र एकही महिना वाया घालवू नये.

तिसरा मुद्दा कर्करोगाचा. स्वीडनमध्येच १९६४ ते १९९९ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे सतरा हजार पुरुषांची माहिती तपासली गेली आणि २००७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ती प्रसिद्ध झाली. तेरा वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत वृषणाच्या कर्करोगाचा धोका सर्वसामान्यांच्या सुमारे दुपटीहून थोडा अधिक होता. तेरानंतर झालेल्यांत तो पाचपटीहून अधिक होता. हे आकडे वाचून घाबरू नका. भारतात हा कर्करोग वर्षाला लाख पुरुषांमागे एकालाही होत नाही, त्यामुळे मुळातच छोटा धोका दुप्पट झाला तरी छोटाच राहतो. शिवाय वृषण खाली, हाताला लागेल अशा जागी असलं, तर गाठ लवकर लक्षात येते आणि लवकर सापडलेला हा कर्करोग बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

मग जन्मताच शस्त्रक्रिया का नाही?

कारण पहिल्या सहा महिन्यांत ती कदाचित लागणारच नाही. शिवाय लहान बाळाचे ऊतक नाजूक असतात. वृषणाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आणि शुक्रवाहिनी दोऱ्याएवढ्या बारीक असतात. हाताला लागणाऱ्या वृषणाच्या शस्त्रक्रियेत नंतर वृषण सुकण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन एवढंच आहे, पण ते शून्य नाही. क्वचित वृषण पुन्हा वर सरकतं. म्हणून ही शस्त्रक्रिया लहान मुलांच्या सर्जनकडून आणि बाळांना भूल देण्याचा सराव असलेल्या भूलतज्ज्ञाच्या हाताखाली व्हावी. असे डॉक्टर जवळच्या गावात नसतील, तर त्यांच्यापर्यंत जाण्यासाठी दोन-चार आठवडे लागले तरी चालतील. दोन-चार वर्षं लागून चालणार नाहीत.

'एवढ्याशा जिवाला भूल कशी द्यायची?' हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो आणि तो रास्त आहे. भुलीमुळे वाढत्या मेंदूवर परिणाम होतो का, याची शंका प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली दिलेला इशारा तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा दिल्या जाणाऱ्या भुलीबद्दल होता. एकाच छोट्या भुलीबद्दलचा पुरावा दिलासा देणारा आहे. सात देशांतल्या २८ रुग्णालयांत ७२२ तान्ह्या बाळांवर एक अभ्यास झाला. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी काहींना पूर्ण भूल दिली, काहींना जागं ठेवून फक्त कमरेखालचा भाग बधिर केला. पाच वर्षांच्या वयाला दोन्ही गटांतल्या मुलांची बुद्धिमत्ता सारखीच निघाली. हे निष्कर्ष २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. वृषण खाली आणण्याची साधी शस्त्रक्रियाही साधारण तासाभराचीच असते. भुलीच्या भीतीने ती वर्षानुवर्षं पुढे ढकलण्याला आधार नाही.

या साऱ्या पुराव्यांच्या आधारे जगभरातल्या तज्ज्ञ संस्थांचा सल्ला आता जवळपास एकसारखा आहे. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशन सांगते, सहा महिन्यांपर्यंत वृषण उतरलं नाही तर सर्जनला दाखवा आणि त्यापुढच्या वर्षभरात, म्हणजे अठरा महिन्यांच्या आत, शस्त्रक्रिया करा. युरोपातल्या तज्ज्ञांचा सल्ला सहा ते बारा महिन्यांचा, फार तर अठरा महिन्यांपर्यंतचा. एके काळी हीच शस्त्रक्रिया दहा-बारा वर्षांच्या वयात, नंतर शाळेत जायच्या वयात करत असत. आजोबांच्या पिढीला डॉक्टरांनीच 'थांबा' म्हटलं असेल. तो त्या काळच्या माहितीवरचा सल्ला होता. आज माहिती बदलली आहे.

अजिबात न थांबण्याचे प्रसंग

सहा महिन्यांचा नियम सगळ्यांना लागू नाही. नवजात बाळाची दोन्ही वृषणं हाताला लागत नसतील, तर प्रसूतिगृहातून घरी जाण्याआधीच तपासण्या व्हायला हव्यात. बाहेरून मुलग्यासारखं दिसणारं हे बाळ प्रत्यक्षात अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात दोषाची मुलगी असू शकते. या दोषाच्या एका प्रकारात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शरीरातलं मीठ झपाट्याने घटून जिवावर बेततं. वेळीच निदान झालं तर औषधांनी ते टळतं. वृषण न उतरण्याबरोबर लघवीचं छिद्र शिश्नाच्या टोकाऐवजी खाली असेल, तरीही लगेच तपासणी हवी.

जांघेत फुगा येत असेल, तर सोबत हर्निया आहे असं समजावं. फुगा घट्ट झाला, आत जाईना, बाळ कळवळून रडू लागलं किंवा उलट्या सुरू झाल्या, तर तातडीने रुग्णालय गाठावं. न उतरलेल्या वृषणाला पीळही पडू शकतो, आणि अशा वेळी निर्णय तासांत घ्यावा लागतो.

आणि थांबणंच योग्य असण्याचे

याउलट काही मुलांचं वृषण कधी खाली असतं, कधी वर. थंडी वाजली, घाबरलं, डॉक्टरांचा गार हात लागला, की एक स्नायू आखडतो आणि वृषण वर जातं. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर किंवा मूल गाढ झोपलेलं असताना ते खाली दिसतं. डॉक्टरांनी हलकेच खाली आणलं की थोडा वेळ तिथेच राहतं. अशा मुलाला शस्त्रक्रियेची गरज नसते. पण दर वर्षी एकदा तपासणी हवीच, कारण यातली काही वृषणं मूल वाढतं तशी वरच अडकून राहतात. मग शस्त्रक्रिया लागते, मूल सहा वर्षांचं असो वा नऊ. जन्मतः खाली असलेलं वृषण पुढे वर गेलं, असंही घडतं. म्हणून 'जन्मल्यावर डॉक्टर म्हणाले होते, सगळं ठीक आहे,' एवढ्यावर कायमचं विसंबू नये.

सोनोग्राफी, इंजेक्शन आणि मालिश

आपल्याकडे पहिला कागद सोनोग्राफीचा लिहून दिला जातो. बहुतेक बाळांना तिची गरज नसते. हाताला लागणारं वृषण अनुभवी डॉक्टरला हातानेच कळतं. न लागणारं पोटात आहे की नाहीच, हे सोनोग्राफी खात्रीने सांगू शकत नाही. त्यामुळे सोनोग्राफीत 'दिसत नाही' आलं म्हणून हात टेकू नयेत आणि तिच्या तारखेसाठी सर्जनची भेट पुढे ढकलू नये. हाताला न लागणाऱ्या वृषणासाठी दुर्बिणीतून पोटात पाहणं हीच खात्रीची तपासणी, आणि त्याच बैठकीत उपचारही करता येतात. वृषण फार वर असेल तर काही महिन्यांच्या अंतराने दोन टप्प्यांत ते खाली आणतात.

संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन वृषण उतरवण्याचे प्रयत्न पूर्वी बरेच होत. यश फार थोड्यांना मिळतं आणि उतरलेलं वृषण पुन्हा वर जाण्याची शक्यता राहते. आजचे मार्गदर्शक नियम या उपचाराची शिफारस करत नाहीत. मालिशवाल्या बाईने तेल लावून गोळी खाली ओढू नये, जांघ चोळू नये. त्याने वृषण उतरत नाही, इजा मात्र होऊ शकते.

शस्त्रक्रियेचा दिवस

साध्या शस्त्रक्रियेत जांघेत दोन-तीन सेंटिमीटरची चीर घेतात. वृषण मोकळं करतात, सोबतची हर्नियाची पिशवी बांधतात आणि वृषणकोशात कप्पा करून वृषण तिथे बसवतात. टाके बहुधा विरघळणारे असतात. बहुतेक बाळं त्याच दिवशी घरी जातात आणि दोन-तीन दिवसांत नेहमीसारखी खेळू लागतात. घोडा-घोडा, पांगुळगाडा, बाळाला कडेवर पाय फाकवून घेणं, हे काही आठवडे टाळायला सांगतात. काही महिन्यांनी वृषण जागेवर आहे आणि वाढतंय ना, हे डॉक्टर पुन्हा पाहतात. वयात आल्यावर मुलाला त्याच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगावं, महिन्यातून एकदा स्वतः तपासायला शिकवावं आणि गाठ किंवा कडकपणा जाणवला तर न लाजता सांगायला सांगावं.

वेळ हुकली असेल तरी 'आता काय उपयोग' म्हणून गप्प बसू नये. चार, आठ, बारा वर्षांच्या मुलालाही शस्त्रक्रियेचा फायदा होतोच. वयात आल्यानंतर लक्षात आलं, तर वृषण खाली आणायचं की काढून टाकायचं, हे दुसऱ्या बाजूचं वृषण कसं आहे ते पाहून सर्जन ठरवतात. दाखवायला मात्र तेव्हाही उशीर करू नये.

सहावा महिना चुकवू नका

आपल्या सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींनंतर पुढची भेट नवव्या महिन्यात येते. म्हणजे ज्या सहाव्या महिन्यात निर्णय घ्यायचा, नेमक्या त्याच वेळी बाळ दवाखान्यात जात नाही. आशाताई मात्र घरभेटीच्या कार्यक्रमात तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात घरी येते. तिला हे सांगा, संकोच करू नका. जन्मतः वृषण खाली नाही असं कळलेलं असेल, तर प्रत्येक लसीच्या वेळी डॉक्टरांना पाहायला सांगा आणि लसीच्या कार्डावर नोंद करून घ्या. घरी बघायचं असेल तर कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर, बाळ शांत असताना, हात ऊबदार करून हलकेच बघा.

आपल्याकडे बाळाच्या उष्टावणाची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही. तो सोहळाही सहाव्या महिन्याच्या आसपासच होतो. तोपर्यंत गोळी उतरली नसेल, तर त्याच महिन्यात लहान मुलांच्या सर्जनची भेट ठरवा आणि पहिल्या वाढदिवसाच्या आत शस्त्रक्रिया उरकून घ्या. काही कारणाने राहिलीच, तर अठरा महिन्यांची मर्यादा ओलांडू देऊ नका.